बँडसॉ घेण्याआधी पातं शोधा

(निगडी-प्राधिकरणात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समोर बघतो तर निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या कंपनीतून रिटायर झालेले दिसताहेत. मागच्या रांगेतले तरुण बहुधा चाकणच्या फर्स्ट शिफ्टवरून थेट इकडे आलेत. मी स्वतः टूलरूममध्ये आयुष्य काढलं. म्हणजे लोखंडाचा माणूस. लाकडाकडे वळलो साठीनंतर. आणि लोखंडाचा माणूस लाकडाकडे वळला की तो एक ठरावीक चूक करतो. ती मी केली, पैसे घालवले, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आज जे सांगणार आहे ते त्या कागदावरचं आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बँडसॉ म्हणजे दोन चाकं, एक वर, एक खाली. त्यांच्यावरून फिरणारी एक बंद पट्टी, तिला एका कडेला दाते. मधे टेबल. लाकूड टेबलावर ठेवायचं आणि पात्याकडे सरकवायचं. पातं सतत खालच्या दिशेला जातं, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबलेलं राहतं, अंगावर उडत नाही. गोल पात्याच्या टेबल सॉमध्ये फळी उलटी फेकली जाण्याची जी भीती असते ती इथे नाही. आणि पातं अरुंद असल्यामुळे वळणं कापता येतात. शौकिया कामाला, म्हणजे खेळणी, चमचे, घड्याळाची फ्रेम, नावाची पाटी, या सगळ्याला इतकं उपयोगी दुसरं यंत्र नाही असं माझं मत आहे.

आता गंमत अशी की आपल्या पट्ट्यात बँडसॉ सगळ्यांनी पाहिलेला आहे. भोसरीत कुठल्याही स्टीलवाल्याच्या दारात उभे राहा, आडवा बँडसॉ साबणपाणी पीत चाळीस एमएमचा राउंड बार कापत असतो. पण लाकडाचा बँडसॉ इथे कुठे होता? तो होता पॅटर्न शॉपमध्ये. फाउंड्रीत कास्टिंग ओतायच्या आधी त्या पार्टचा लाकडी नमुना लागतो. सागवानाचा, नाहीतर पाइनचा. ओतलेलं लोखंड थंड होताना मीटरला साधारण दहा एमएम आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची फूटपट्टीच तेवढी मोठी असते. तो नमुना वाळूतून अलगद बाहेर यावा म्हणून बाजूंना जरा उतार द्यावा लागतो. बँडसॉचं टेबल एक-दोन अंश कलवलं की वळण आणि उतार एकाच कापात मिळतात. पंप, गिअरबॉक्स, इंजिनाचे भाग, या गोष्टी आधी लाकडात तयार झाल्या आणि मग लोखंडात उतरल्या. पुढे सीएनसी आला, रेझिनचे पॅटर्न आले, आणि लाकडाचं काम कमी झालं. तर लाकडाचा बँडसॉ आपल्याला परका नाही. आपण त्याला विसरलो.

आता माझी गोष्ट.

मी ऑनलाइन एक आठ इंची बँडसॉ घेतला. आठ इंची म्हणजे चाकाचा व्यास आठ इंच, दोनशे एमएम. या मापाच्या यंत्रांचे आकडे जवळपास सारखेच असतात: २५० वॉटची मोटर, ८० एमएम उंचीपर्यंतचं लाकूड, पात्याची लांबी १४०० एमएम, वेग मिनिटाला ९०० मीटर. डब्यात एक पातं आलं. दोन महिने मजेत गेले. नातवासाठी चाकांवरचा बैल केला, बायकोसाठी पोळपाट केला. मग पातं तुटलं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, सुटं पातं स्टॉकमध्ये नाही, पुढच्या महिन्यात बघा. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच.

मी म्हटलं, हात्तिच्या! आपण राहतो कुठे? भोसरीत बँडसॉची पट्टी कॉइलमधून मापाने तोडून वेल्डिंग करून देणारे आहेत. गेलो. त्यांच्याकडे धातूसाठीची बाय-मेटल पट्टी होती, १३ एमएम रुंद, ०.६५ जाड. त्यातल्या त्यात मोठ्या दात्याची निवडली. १४०० लांबीची जोडून दिली. घरी येऊन चढवली. अर्ध्या तासात फट्! परत गेलो, दुसरी आणली. तीही गेली. मग मात्र मी चिडून दुकानात गेलो, की तुमचं वेल्डिंग कच्चं आहे. दुकानदार शांत माणूस. तुकडा हातात घेतला आणि म्हणाला, ‘साहेब, जोड शाबूत आहे. पट्टी भलतीकडेच तुटलीय.’

खरंच तसं होतं. चाळीस वर्षं लोखंडात काढलेल्या माणसाला हे पट्टी जोडणाऱ्यानं दाखवावं लागलं!

घरी येऊन गणित केलं. तुम्ही सगळे मशिनवाले आहात, तुम्हाला हे आवडेल. पट्टी चाकावर वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते. किती? जाडी भागिले चाकाचा व्यास. ०.६५ भागिले २००. म्हणजे हजारात सव्वातीन. पोलादाचा मॉड्युलस साधारण दोन लाख न्यूटन प्रति चौरस एमएम. गुणाकार केला तर नुसत्या वाकण्याचा ताण ६५० न्यूटन. पातं घट्ट करतो त्याचे शंभर वेगळे. आता यंत्राबरोबर आलेलं मूळचं पातं मायक्रोमीटरखाली धरलं, तर जाडी ०.३६. त्याचा ताण ३६०. जवळपास निम्मा.

आणि हे वाकणं एकदा नाही. मिनिटाला ९०० मीटर वेग, पातं १.४ मीटरचं, म्हणजे मिनिटाला ६४० फेऱ्या. प्रत्येक फेरीत दोन चाकं, दोनदा वाकणं, दोनदा सरळ होणं. तासाला ७७ हजार वेळा. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तेच. माझी पट्टी अर्ध्या तासात अडतीस हजार वेळा वाकली आणि दमली. फटीग. कंपनीत शाफ्ट तुटला की आपण हाच शब्द वापरायचो.

तीच ०.६५ ची पट्टी चौदा इंची चाकावर घाला. ०.६५ भागिले ३५५, ताण ३६६. म्हणजे छोट्या यंत्रावरच्या पातळ पात्याइतकाच. पट्टीत खोट नव्हती आणि वेल्डिंगमध्येही नव्हती. चाक लहान होतं, एवढंच.

यावरून मी स्वतःसाठी एक नियम धरला: पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास, जास्त नको. आठ इंचाला ०.४, दहा इंचाला ०.५, बारा इंचाला ०.६, चौदा इंचाला ०.७. मोठ्या सॉ मिलवाले याहून कडक, हजारावा भाग धरतात. पण छोट्या यंत्रात तेवढी पातळ पट्टी मिळतच नाही.

तेव्हा छोटा बँडसॉ घ्यायचा झाला तर मोटर, टेबल, रंग, स्टार रेटिंग बघायच्या आधी एकच प्रश्न विचारा: याचं पातं मला इथे, पिंपरी-चिंचवडमध्ये, पुढची पाच वर्षं कोण देणार? आणि हा प्रश्न यंत्र विकणाऱ्याला विचारू नका. पाती जोडणाऱ्याकडे जा. त्याला विचारा, लाकडासाठीची कार्बन स्टीलची पट्टी तुमच्याकडे कुठल्या जाडीत येते, ६ आणि १० एमएम रुंदीत येते का, दाते इंचाला किती. त्याच्याकडे ०.५ असेल तर तुमचं यंत्र दहा इंची. ०.६५ च असेल तर चौदा इंचीच्या खाली जाऊ नका. आणि आठ-नऊ इंचीच घ्यायचंय, जागा तेवढीच आहे, तर यंत्राच्या ऑर्डरबरोबरच पाच-सहा पाती घेऊन ठेवा. पाती मिळत नसतील तर ते यंत्र घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. (एक सूचना: गुरुवारी जाऊ नका. दुकान बंद असतं. हे मी तुम्हाला काय सांगायचं!)

पातं जोडणं हा वरवर साधा प्रकार वाटतो. इतिहासात मात्र सगळं त्याच्यावरच अडलं होतं. बँडसॉची कल्पना इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, विल्यम न्यूबेरी नावाच्या माणसाची. यंत्र बनलं, पण पट्टीचा जोड टिकेना, सारखी तुटे. चाळीसेक वर्षं ही कल्पना तशीच पडून राहिली. १८४६ च्या सुमारास फ्रान्समध्ये अॅन पॉलीन क्रेपँ या बाईंनी पट्टी जोडण्याची पद्धत काढली, पॅरिसच्या पेरँ कंपनीनं ती घेतली, त्यात चांगलं पोलाद घातलं, आणि मग कुठे बँडसॉ चालायला लागला. आजही चांगला जोडणारा काय करतो बघा. दोन टोकं करंट देऊन वितळवून जोडतो. ती जागा काचेसारखी ठिसूळ झालेली असते. म्हणून लगेच तिला मंद लाल होईपर्यंत पुन्हा तापवतो आणि हळूहळू निवू देतो. मग जोडाचा फुगवटा घासून पट्टीच्या पातळीत आणतो. हे दुसरं तापवणं जो घाईत उरकतो त्याच्याकडे परत जाऊ नका. जोड घासलेला नसेल तर प्रत्येक फेरीला टक्-टक् आवाज येतो, तोही ऐका.

आता रुंदी. डब्यावर लिहिलेलं असतं, ‘१३ एमएमपर्यंतचं पातं चालतं’. चढतं, हे खरं. पण पातं सरळ कापायला त्यात चौरस एमएमला निदान शंभर न्यूटनचा ताण लागतो. सहा एमएमच्या पातळ पात्याला दोन्ही बाजू मिळून तीसेक किलोची ओढ पुरते. तेरा एमएम बाय ०.६५ ला सव्वाशे-दीडशे किलो लागते. पत्रा वाकवून केलेली फ्रेम एवढी ओढ घेत नाही, ती स्वतःच वाकते. पातं ढिलं राहतं आणि कापात पोट काढतं: वरून रेघेवर, खालून रेघेबाहेर. तेव्हा छोट्या यंत्राला ६ एमएम हे रोजचं पातं, फार तर १० एमएम. सहाचं पातं साधारण १६ एमएम त्रिज्येचं वळण घेतं, दहाचं ३८ च्या आसपास, तेराचं ६५. याहून बारीक नक्षी हवी तर ते काम स्क्रोल सॉचं आहे.

दात्यांबद्दल थोडक्यात. लाकडाच्या जाडीत कधीही निदान तीन दाते असावेत, सहा ते बारा असले तर उत्तम. पाऊण-एक इंची फळीला इंचाला सहा दाते. तीन इंची ठोकळा उभा चिरायचा असेल तर तीन-चार दाते, म्हणजे भुसा वाहून न्यायला खोबणीत जागा राहते. धातूची चौदा दात्यांची पट्टी लाकडात घातली तर खोबणी भुशानं बुजते, पातं तापतं, लाकूड काळं पडतं. धुराचा वास आला की समजा.

काही लोक विचारतात, धातूचा जुना बँडसॉ भंगारात स्वस्त मिळतोय, तोच घेऊ का? नको. त्याचा वेग मिनिटाला ३० ते ९० मीटर. लाकडाला त्याच्या दहापट लागतो. पुली बदलून दहापट होत नाही. झाला तरी त्याचे गाइड, बेअरिंग, चाकांचा बॅलन्स त्यासाठी केलेले नसतात.

पॅटर्न शॉपमधून निघालेलं जुनं यंत्र मिळालं तर गोष्ट वेगळी. अठरा-चोवीस इंची, कास्ट आयर्नचं धूड. चाकं मोठी, म्हणून कुठलीही पट्टी चालते. किंमत बऱ्याचदा भंगाराच्या वजनाने लावतात. पण चार गोष्टी बघा. चाकांवरचं रबर तडकलेलं आहे का. वरचं चाक हाताने फिरवल्यावर डुलतं का. दोन्ही चाकं एका पातळीत आहेत का: लांब सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी दोन्ही कडांना टेकवून बघा. आणि मोटर थ्री फेज असणार, घरात सिंगल फेज. मोटर बदला नाहीतर व्हीएफडी लावा, त्याचा खर्च आधीच धरा. शिवाय हे तळमजल्यावर गाळा असलेल्यांसाठी आहे. चौथ्या मजल्यावर नेणार असाल तर तुमची तुम्हाला माहिती.

दुकानात नवीन यंत्र बघायला जाल तेव्हा गुण्या बरोबर न्या. टेबल पात्याला काटकोनात येतं का, आणि पाच-दहा वेळा कलवून परत आणलं तरी तिथेच येतं का. पातं चढवून हाताने चाक फिरवा, पातं चाकाच्या मध्यावर राहतं का. वरचा गाइड खाली-वर करा. तो खाली येताना पात्यापासून बाजूला सरकत असेल तर यंत्र सोडा, ते नंतर दुरुस्त होत नाही. गाइड बेअरिंगचे आहेत की साध्या ठोकळ्यांचे यावर लोक फार वाद घालतात. नीट बसवलेले ठोकळे उत्तम चालतात. आणि स्विच असा हवा की लाइट जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होऊ नये. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे.

पैशाचं गणित मी असं मांडतो. समजा पंचवीस हजार बाजूला काढलेत. तर यंत्र अठरापर्यंतच घ्या. उरलेल्यात पाती, भुसा ओढणारा व्हॅक्यूम आणि चांगला मास्क. भुशाला हसू नका. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, तिनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली. बंद बाल्कनीत, खिडकी लावून, रुमाल बांधून काम करायचं नाही.

आता लाकूड. इथे आपण भाग्यवान आहोत. चाकणला परदेशातून यंत्रं येतात, पार्ट येतात, त्यांच्याबरोबर पाइनचे क्रेट आणि पॅलेट येतात. ते शेवटी भंगारवाल्याकडे जातात. कुदळवाडीत पूर्वी ढीगच्या ढीग मिळायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली बांधकामं पाडली, तेव्हापासून कोण कुठे गेलंय ते शोधावं लागतं. क्रेट घेताना त्यावरचा शिक्का वाचा. गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं, नंबर, आणि शेवटी प्रक्रियेची दोन अक्षरं. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला अर्धा तास तापवलेलं आहे, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल आणि तेलाचे डाग असतील तर तेही सोडा.

आणि खिळे! क्रेटमध्ये तुटलेले खिळे आत राहतात, वरून दिसत नाहीत. एक खिळा लागला की पात्याचे वीस दाते गेले. जुन्या स्पीकरमधलं मोठं चुंबक दोऱ्याला बांधा आणि फळीवरून फिरवा, खिळ्यापाशी ते ओढ घेतं. मी आता प्रत्येक फळीवर हे करतो. वाड्यातलं जुनं सागवान मिळालं तर आनंदच, पण सागवानात सिलिका असते, वाळूच म्हणा ना, त्यानं धार लवकर जाते. बाभूळ त्याहून कठीण. २५० वॉटला तिच्या नादी लावू नका.

वेळ होत आलाय. प्रश्न घेऊ.

प्रश्न: गणपतीचं प्लायवूडचं मखर करायचं आहे. त्यासाठी छोटा बँडसॉ चालेल का?

नाही चालणार. थर्माकोलवर २०१८ मध्ये बंदी आली तेव्हापासून आमच्या सोसायटीतही हेच विचारतात. आठ इंची यंत्रात पातं आणि मागचा खांब यात वीस सेंटीमीटरसुद्धा जागा नसते. तीन फुटी कमान त्यात फिरणारच नाही. मखराला हातातला जिगसॉ घ्या, पाचव्या हिश्श्यात काम होईल. बँडसॉ लहान तुकड्यांसाठी आणि जाड लाकडासाठी.

प्रश्न: बोटं कापण्याची भीती किती?

आहे. लाकूड उडत नाही म्हणून माणूस बेफिकीर होतो, तिथेच घात होतो. वरचा गाइड लाकडाच्या वर पाच-सहा एमएमवर आणून ठेवा, म्हणजे उघडं पातं दिसणारच नाही. शेवटचे दोन इंच बोटांनी ढकलू नका, काठीने ढकला. हातमोजे घालायचे नाहीत. गोल दांडा कधीही मोकळा धरून कापू नका, पातं त्याला गरकन फिरवतं आणि बोट आत ओढतं. त्यासाठी इंग्रजी ‘व्ही’सारख्या खाचेचा ठोकळा करून घ्या. आपण लेथवर जे पाळत होतो तेच इथे पाळायचं.

प्रश्न (एक ताई): आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. आवाजाचं काय?

ताई, खरं सांगतो, आवाज होतोच. छोट्या यंत्रात मोटर इंडक्शनची असेल तर ती स्वतः फार ओरडत नाही, मिक्सरपेक्षा कमी. पण फ्रेम थरथरते आणि ती थरथर खालच्या घरात जाते. यंत्राखाली जाड रबर, त्याखाली प्लायवूड, आणि टेबल भिंतीला टेकवायचं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर जे राहतात ते थर्ड शिफ्ट करतात, सकाळी झोपतात. त्यांच्या शिफ्टचा तक्ता माझ्या बाल्कनीत लावलेला आहे. त्यांची थर्ड असेल त्या आठवड्यात मी दुपारी चारनंतरच यंत्र लावतो.